सेकंड मालाचा पडदा

वही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर लागतं
आणि मला नाही म्हणता येत नाही.
पहिल्या पानावर: अंबादास चिट्याल, खुर्च्या चाळीस, पैकी सहा लंगड्या.
त्याखाली: रजियाबी, चहा. साखर ज्याची त्यानं आणणे.
त्याखाली रेघ.
मीटिंगला इतकेच आले होते,
त्यातही अंबादास दुसऱ्याच मीटिंगला निघालेला.

जागा मिळाली बंद कारखान्याची.
माग भंगारात गेले त्याला तीन वर्षं झाली,
फरशीवर अजून त्यांच्या पायांचे चौकोन.
मास्तर म्हणाले, इथं आवाज घुमेल.
नरसय्यामामा म्हणाले, घुमू दे की बे,
अठ्ठावीस वर्षं इथं मला काही ऐकूच आलं नाही.
ते ओठ वाचतात.
सगळी तालीम त्यांनी ओठांवरून पाहिली
आणि कोण कुठला शब्द गिळतं
ते त्यांनीच तेवढं अचूक सांगितलं.

पडद्याला पैसे नव्हते.
मग दारोदार फिरलो: खराब निघालेली चादर द्या,
धागा सुटलेली, रंग फसलेली, मोराला मान नसलेली.
पूर्व भागात अशी एक तरी चादर
कुठल्या घरात नाही?
एकीनं लग्नातली काढून दिली.
तो गेला, ही राहिली, म्हणाली, न्या.
वहीत काय लिहिणार?
लिहिलं: चादर, निळी, एक.

सत्तावीस चादरी जोडल्या बायकांनी,
विडीचं सूप मांडीवरून खाली ठेवून,
पानं कातरायच्या त्याच कात्रीनं.
मधोमध कुणाची, यावरून वाजलंच.
पद्मावती येमूल तीन दिवस फिरकली नाही.
चौथ्या दिवशी आली, आपली चादर उसवली,
कडेला नेऊन शिवली,
म्हणाली, कड आधी फाटते.
तिथं दमदार कापड लागतं.

शनिवार. सातला खुर्च्या, आठला माणसं.
मग मास्तरांचं भाषण, जे कुणी ठरवलं नव्हतं.
मग बंदेनवाजचा बेंजो, त्याची एक तार उसनी.
मग पोरांचं नाटक:
राजा तेलुगूत चिडतो,
प्रधान मराठीत समजूत घालतो,
राणी कानडीत दोघांना गप्प करते.
राजानं चिडायला तोंड उघडलं
आणि बाहेरून हाक आली,
नीळ्ळच्चिनय!
पलीकडून, पानी आया!

उद्या पहाटे यायचं पाणी.
पाचव्या दिवसाचं.
राजा मुकुटासकट पळाला,
त्याच्या घरी माणसं तीन, घागरी अकरा.
उरल्या चाळीस खुर्च्या, मी
आणि पहिल्या रांगेत नरसय्यामामा,
राजाच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून.
मी ओठांनी सांगितलं, पाणी आलं.
मग बसलीस काय, म्हणाले,
आणि रजियाबीच्या दारात पाइप धरायला गेले.

गल्लीभर पाइपांचे वेटोळे, ओल्या चपला.
टाकीवर उभा राहून राजानं आपलं वाक्य म्हटलं,
बोळाच्या त्या टोकाला प्रधानानं उत्तर दिलं,
हातातली बादली हिंदकळू न देता.
कधीच न आलेली माणसं दारात येऊन हसली.

सव्वाबाराला सगळे परतले, बाह्या भिजलेल्या,
आणि सोबत निम्मी गल्ली.
झोप तशीही मोडलीच होती.
खुर्च्या पुरेनात. फरशी गार.
कुणी सांगितलं आठवत नाही,
पण पडदा खाली उतरला
आणि लोक त्यावर बसले.
नाटक तसंच झालं, उघड्यावर,
एका बाजूला राणी वेणी घालताना दिसत होती.
निळ्या चादरीवर तिची ती आली,
हात फिरवून पाहिला, बसली,
चहा संपेपर्यंत उठली नाही.

सकाळी हिशेब: शिल्लक बावीस रुपये,
कडेची शिवण शाबूत,
मान नसलेल्या मोरावर दोन पोरं झोपलेली.
खुर्च्या मोजल्या तर एक्केचाळीस.
सातवी लंगडी कुणी आणून ठेवली
अजून कळलं नाही.
वहीत नोंद आहे.